ढब्बूचा संसार

"टक्!"

रविवारी सकाळी परसातून आवाज आला तेव्हा मृणालिनी परुळेकरच्या तोंडात टूथब्रश होता. तो तसाच तोंडात धरून ती धावली. तुळशीच्या कुंडीमागे ढब्बू उताणा पडला होता. त्याचे चारही पाय हवेत वल्ह्यांसारखे चालले होते आणि वीतभर अंतरावर राणी मान ताणून शांतपणे दुसरीकडे बघत उभी होती. रेशनच्या रांगेत धक्का मारून पुढे घुसलेली बाई जशी आकाशाकडे बघते, अगदी तशी.

"आई! हिनं पुन्हा पाडलं त्याला!" मृणालनं ढब्बूला सरळ केलं. "सकाळपासून तिसऱ्यांदा!"

"नवीन आहे गं ती," आई आतून म्हणाली. कांदा चिरताना तिचा आवाज नेहमीच समजूतदार होत असे. "रुळेल हळूहळू."

ढब्बू आणि राणी ही कासवं होती. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेली, पानं-फुलं खाणारी, साधी जमिनीवरची कासवं. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात एकाही मोठ्या माणसाच्या ते लक्षात राहिलं नाही.

ढब्बू मृणालचा. ती पाचवीत असताना गुणाजीमामानं तो कापडी पिशवीतून आणून तिच्या मांडीवर ठेवला होता आणि आता ती दहावीत होती. तिच्या पावलांचा आवाज ओळखून तो भिंतीच्या कडेकडेनं खुडखुडत येई, तिच्या हातून जास्वंदीचं फूल खाई आणि मग तिच्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटे. परुळेकरांच्या घरात मृणालचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच होता. राहायचा तो तळमजल्याच्या मागे, मुलुंड पूर्वेच्या स्नेहदीप सोसायटीच्या भिंतीला लागून जी बारा बाय सहाची जागा होती तिथे. सोसायटीच्या कागदांत तिचं नाव 'मोकळी जागा' होतं. बाबा तिला 'आमचं परस' म्हणत.

राणी वरच्या मजल्यावरच्या नेरुरकरांची. तीही एकटीच होती. आणि हे दोघं एकटे आहेत, एवढंच आईला आणि कमलकाकू नेरुरकरांना पुरलं.

झालं असं, की भिशीमध्ये कुणीतरी आईला सांगितलं, कासव एकटं ठेवू नये, घरात येणारी लक्ष्मी जिन्यातूनच परत फिरते. परुळेकरांचा टेलिफोनचा अर्ज आठ वर्षं पडून होता, त्यामुळे आईला ते लगेच पटलं. तळमजल्यावर यायला लक्ष्मीला जिना कशाला लागतो, असं मृणालनं विचारून पाहिलं. "हल्ली तोंड फार चालतं तुझं," असं उत्तर मिळालं. या घरात बरोबर प्रश्नाला नेहमी हेच उत्तर मिळे.

मग तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी ढब्बूचं आणि राणीचंही लग्न लागलं. भटजी आलेच होते, ऊस बांधलेलाच होता, चिंचा-आवळे होते. आईनं आणि कमलकाकूंनी एकाच अंतरपाटात दोन लग्नं उरकली. राणीच्या पाठीवर कुंकू लावलं. तांदळात बोटानं लिहून तिचं नाव बदललं आणि 'सुलक्षणा' ठेवलं. कासवानं जुन्या नावाला जी दाद दिली होती तीच नव्याला दिली, म्हणजे काहीच नाही, त्यामुळे सगळे राणीच म्हणत राहिले. माहेरून आंदण म्हणून एक निळा प्लॅस्टिकचा टब आला. छत्तीस फोटोंचा अख्खा रोल संपला.

इथपर्यंत मृणाललाही मजा आली होती, खोटं का बोला. पण मंगलाष्टकं संपल्यावर बाबांनी आणि दशरथकाका नेरुरकरांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली आणि "व्याही!" अशी हाक घातली. या दोघांत वरच्या गॅलरीतून टपकणाऱ्या पाण्यावरून दीड वर्ष बोलणं नव्हतं. मृणालला वाटलं, थट्टा चाललीय. दुसऱ्या दिवशीही हाक तीच. तिसऱ्या दिवशी कमलकाकू नवी साडी नेसून 'मुलीला बघायला' आल्या आणि आईनं त्यांच्यासाठी कांदेपोहे टाकले, तेव्हा मृणालच्या डोक्यात प्रकाश पडला. वाट लागली होती.

त्या रविवारी लग्नाला अकरा दिवस झाले होते आणि मृणालच्या मोजणीप्रमाणे ढब्बू चाळीस वेळा उताणा झाला होता. कासव उताणं पडलं आणि कुणी बघितलं नाही, तर उन्हात तसंच मरून जातं. मृणाल शाळेत असताना कोण बघणार होतं?

"आई, राणीला वर परत पाठवू ना," ती म्हणाली.

आईच्या हातातली सुरी थांबली. "बाराव्या दिवशी सून माहेरी? लोक तोंडात शेण घालतील!"

"कुठले लोक?"

"लोक!" आई म्हणाली, म्हणजे झालंच.

"बाबा, तुम्ही तरी सांगा."

बाबा पेपरामागे होते. रविवारी ते दुपारच्या जेवणापर्यंत तिथेच राहत. "सुरुवातीला असं होतंच," पेपर म्हणाला. "आमचं नाही का झालं?"

"आईनं तुम्हाला उताणं पाडलं होतं?"

पेपराचं पान उलटलं. 

इतक्यात दारावर टकटक करून कमलकाकू आत आल्या, त्या थेट परसातच गेल्या. "अगं बाई, किती उतरलीय माझी राणी!"

"उतरलीय?" मृणाल म्हणाली. "काकू, ढब्बूच्या वाटची काकडीसुद्धा तीच खाते!"

"म्हणजे तिच्या खाण्यावर नजर ठेवता तुम्ही?" कमलकाकूंनी पदर खोचला.

"नजर कोण ठेवतंय?" आई हात पुसत बाहेर आली. "आम्ही भरभरून घालतो हो. आता एखादीच्या अंगालाच लागत नसेल, तर आमचा काय दोष? माहेरची सवय."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चहा घेणार ना?"

तेवढ्यात राणीनं दोन पावलं मागे घेतली, मान आत ओढली आणि सगळं अंग लोटून ढब्बूच्या कुशीत धडक दिली. टक्! ढब्बू भिंतीपर्यंत घसरत गेला.

"बघा, बघा!" मृणाल ओरडली.

"त्यानंच काहीतरी बोलून दाखवलं असेल," कमलकाकू म्हणाल्या. "आमची राणी उगाच कुणाच्या वाटेला जात नाही."

"काकू, कासव बोलत नाही."

"तेच तर सांगतेय. न बोलणारे पुरुषच फार छळतात." आणि त्यांनी वर आपल्या गॅलरीकडे असा कटाक्ष टाकला, की तिथे दाढी करत असलेले दशरथकाका आरशासकट आत गेले.

सोमवारपर्यंत सोसायटीभर झालं, परुळेकरांची सून नवऱ्याला बडवते. दुपारी चारला, घरची कामं आटोपली की बायका परसाशी जमू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाई तर स्टूल घेऊन येत आणि मटार सोलत बसत. त्यांचे यजमान मालाडच्या दुकानातून रात्री येत आणि आल्या आल्या भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवत, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

"हाण गं राणी!" वनमालाबाई ओरडत. "अजून एक, माझ्यातर्फे!"

टक्! बायका टाळ्या पिटत. एरवी मृणालही अशा बाईच्या बाजूनंच उभी राहिली असती; वक्तृत्व स्पर्धेत 'आजची स्त्री' या विषयावर तिनं नुकताच दुसरा नंबर मारला होता, पहिला देण्याइतकी परीक्षकांना अक्कल नव्हती. पण मार खाणारा ढब्बू होता. आणि ढब्बूनं आयुष्यात कधी कुणाच्या भाजीत मीठ मागितलं नव्हतं.

करमणूक झाली की मग उपाय सुचवणं ओघानंच आलं. फुकटचा सल्ला द्यायचा म्हटल्यावर आमच्या मोठ्या माणसांचा उत्साह बघावा.

"एका ताटात जेवू घाला," वनमालाबाई म्हणाल्या. "प्रेम वाढतं."

घातलं. राणीनं आधी पपई संपवली आणि मग पपईच्या पलीकडे असलेला ढब्बूचा पुढचा पाय धरला. मृणालनं चमचा घालून जबडा सोडवला.

"जोडीनं सत्यनारायणाला बसवा," आई म्हणाली.

बसवलं. एका पाटावर दोघं, समोर चौरंग. दुसऱ्या अध्यायात राणीनं धडक मारली ती चुकून चौरंगाच्या पायाला बसली, कलश कलंडला आणि नारळ भटजींच्या मांडीवर गेला. भटजी पोथी न थांबवता म्हणाले, "चालायचंच, नवीन जोडपं आहे."

"त्यांना एकांतच मिळत नाही," कमलकाकूंनी निदान केलं. "येता-जाता तुमची ही पोरगी मध्ये. जरा दोघांना एकमेकांबरोबर राहू द्या की!"

पुढच्या आठवड्यात मंगळवारी मृणाल शाळेत गेल्यावर त्यांनी आंब्याची रिकामी पेटी आणली, तळाशी जुनं बेडशीट घातलं, दोघांना आत ठेवलं आणि वर झाकण लावलं. दुपारभर पेटीतून टक् टक् आवाज येत राहिला. आई आणि कमलकाकू शेजारी बसून लोकरीचा स्वेटर विणत होत्या. मुंबईत स्वेटर कुणाला लागतो, हा प्रश्न वेगळा.

"बोलतायत वाटतं," आई म्हणाली.

"बोलू दे," कमलकाकू म्हणाल्या. "मन मोकळं होतं."

संध्याकाळी मृणालनं झाकण उघडलं. ढब्बूच्या पाठीचा कडेचा एक टवका उडाला होता. पायाची जखम उघडली होती आणि बेडशीटवर रक्ताचे डाग होते. तो अंग चोरून कोपऱ्यात बसला होता. मृणालनं जखम धुतली, हळद लावली, जास्वंदीचं सगळ्यात मोठं फूल त्याच्यासमोर धरलं. ढब्बूनं तोंड बाहेर काढलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"नवरा रुसलाय," आई म्हणाली.

मृणाल काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं तरी आईनं ओळखायला हवं होतं. पण सासू झाल्यापासून आईचं मुलीकडे लक्षच नव्हतं.

शुक्रवारी मृणालनं दप्तरातून भूगोल, नागरिकशास्त्र आणि डबा काढून ठेवला. एका कापडी पिशवीत ढब्बू, दुसरीत राणी. मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत गायकवाड सरांसमोर उभी राहिली. शिवदास गायकवाड सर जीवशास्त्र शिकवत, मानखुर्दहून येत, आणि फळ्यावर बेडूक असा काढत की मागच्या बाकावरच्या मुली पाय वर घेत. त्यांनी हातातला वडापाव खाली ठेवला.

"यातली मादी कोण म्हणालीस?"

"ही सर. राणी. म्हणजे सुलक्षणा."

सरांनी राणीला उलटी केली. मग ढब्बूला. दोघांच्या पोटावरून अंगठा फिरवला.

"इथे हात लाव. खोलगट आहे ना? आणि शेपूट बघ, जाड नि लांब. आता याचं बघ. तेच."

"म्हणजे सर?"

"म्हणजे दोघंही नर आहेत. एका जागेत दोन नर ठेवले की जागा कुणाची यावरून जुंपते. ढकलतात, चावतात, उलटं पाडतात. मेला तरी सोडत नाहीत कधी कधी. वेगळं ठेव यांना. आजच. आणि मध्ये जाळी घालू नकोस हं, फळी घाल. जाळीतून समोरचा दिसला की दिवसभर धडका मारत बसतील. दिसलाच नाही, तर विसरून जातात."

"थँक्यू, सर!"

"एक मिनिट. यांचं लग्न लावलं म्हणालीस ते कुणी?"

"भटजींनी, सर."

सरांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला.

संध्याकाळी मृणाल घरी पोचली तर सोसायटीच्या फाटकातच मोर्चा उभा होता. पुढे कमलकाकू, मागे दशरथकाका, बाजूला आई, आणि बाबा चक्क चप्पल घालून.

"आमच्या मुलीला न विचारता कुठे नेलंस?" कमलकाकू कडाडल्या. "दिवसभर आमच्या जिवात जीव नाही! सासरची माणसं असली म्हणून काय झालं?"

"तिची तपासणी केली," मृणाल म्हणाली. "गायकवाड सरांनी. आत चला, इथे नको."

"अगं बाई!" आईचा चेहराच उजळला. "दिवस गेलेत?"

मृणालनं चौघांना परसात नेलं आणि दोन्ही पिशव्या उघडून, पोट दाखवून, शेपूट दाखवून सगळं नीट समजावून सांगितलं. अगदी सरांसारखं. 

"शक्यच नाही," कमलकाकू म्हणाल्या. "आम्ही तिला लहान असल्यापासून राणी म्हणतो."

हा पुरावा त्यांना पुरेसा वाटत होता.

"फोटो!" आई मटकन पायरीवर बसली. "कुडाळला पाठवलेत गं मी फोटो! वन्संना, जाऊबाईंना, सगळ्यांना!"

मृणालला वाटलं होतं, आता तरी ढब्बूच्या पायाकडे कुणी बघेल. चौघंही फोटोंकडे बघत होते, आणि फोटो तिथे नव्हतेसुद्धा.

"हे आपल्यातच राहू दे," आईनं आवाज खाली आणला. "सुलक्षणा आहे तशीच सुलक्षणा राहील. कुणाला काय कळतंय? मृणाल, तू तोंड उघडायचं नाही."

"आणि ढब्बूनं मार खात राहायचं?"

"संसार म्हटला की भांड्याला भांडं—"

"संसार नाहीये तो!" मृणाल किंचाळली. "सर म्हणाले, मरेल तो! मध्ये फळी घाला, वेगळं ठेवा!"

"वेगळं?" कमलकाकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "लग्न लावून वेगळं? उद्या आमच्या बाकीच्या मुलींकडे लोक कोणत्या नजरेनं बघतील?" त्यांना मुली नव्हत्या. त्यांना मुलं-बाळं काहीच नव्हतं.

मृणालनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. विज्ञान सांगून झालं होतं, रक्त दाखवून झालं होतं. या लोकांना कासव कळत नव्हतं, नर-मादी कळत नव्हतं, दया कळत नव्हती. मग यांना कळतं तरी काय? आणि एकदम तिला बाबांचे तीन भाऊ आठवले. कुडाळच्या फणसाच्या एका झाडावरून कोर्टात अकरा वर्षं उभे असलेले. दशरथकाकांच्या चुलत्यानं तर विहिरीच्या मधोमध भिंत घातली होती, म्हणे.

"बरं," ती अगदी गरीब आवाजात म्हणाली. "नवरा-बायको नाहीत, तर मग भाऊच झाले ना ते? एका घरात दोन भाऊ. एक चूल. आणि दोघांनाही वाटतं, जागा आपलीच."

बाबांची मान वर आली.

"भाऊबंदकी!" ते म्हणाले. ग्रामदैवताचं नाव घ्यावं, तसं.

"तरीच!" दशरथकाकांनी मांडीवर थाप मारली आणि ते थेट मालवणीवर आले. "तरीच म्हणतंय मी, ह्या भांडणात इतको जोर खंयसून येता! भावाभावाचां असलां तर होवचांच ह्यां! रगतातच आसता!"

"वाटणी झाली नाही तर एकमेकांचा जीव घेतील ते," बाबा म्हणाले.

"घेतले! आमच्या गावात घेतले!"

"मग आजच करून टाकू. रीतसर."

"अहो, पण फोटो?" आई रडकुंडीला आली होती.

"म्हणायचं, मुंज होती," बाबांनी एका झटक्यात निकाल लावला. मृणालनं त्यांना इतकं कर्तबगार पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "दोघा भावांची एका मांडवात मुंज. अंतरपाट मुंजीतही धरतात."

"आपल्यात कुठे मुंज करतात?"

"कासवांच्यात करतात!"

पुढचा तासभर परसात जे चाललं, ते मृणाल भिंतीला टेकून बघत राहिली. बाबांनी टेप आणली. दशरथकाकांनी वरून जुन्या पलंगाची फळी आणली आणि निळीत बुडवलेल्या सुतळीनं जमिनीवर रेघ मारली. उन्हाची बाजू कुठली, पाणी कुठे साचतं, तुळस कुणाच्या हिश्श्यात, सगळ्याचा खल झाला. पंच म्हणून वनमालाबाईंना बोलावलं. त्यांना आधी खरी हकीकत सांगावी लागली.

"बाप्या निघाला होय?" वनमालाबाईंचा चेहरा पडला. "मग मारलं त्यात काय मोठंसं? ते मारतातच." आणि स्टूल काखोटीला मारून त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून बायकांनी परसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

नारळ फुटला. चार विटांच्या आधारानं फळी उभी राहिली. इकडे ढब्बू, तिकडे राणी. नाव पुन्हा बदलण्याचा उत्साह कुणातच उरला नव्हता, त्यामुळे तो राणीच राहिला. त्यानं थोडा वेळ फळी हुंगली, इकडे-तिकडे बघितलं, समोर कुणीच दिसेना म्हणून टबाच्या सावलीत जाऊन झोपला. सर म्हणाले होते तसंच. विसरला.

सोमवारी सकाळी मृणालनं फूल धरलं, तर ढब्बूचं डोकं हळूच बाहेर आलं. त्यानं एक पाकळी खाल्ली. मग अख्खं फूल. मग तिच्या अंगठ्यावर हनुवटी टेकवली. मृणाल शाळेला पाऊण तास उशिरा गेली आणि बाईंनी कारण विचारलं तेव्हा, "कौटुंबिक, बाई," म्हणाली.

पुढचे चार दिवस ती नाक वर करूनच हिंडत होती. सगळ्या मोठ्यांना मिळून जे जमलं नाही ते तिनं एका वाक्यात केलं होतं. पण भाऊ म्हटला की हिस्सा आला, आणि हिस्सा म्हटला की हिस्सेदाराचं माणूस आलं, एवढं तिच्याही हुशार डोक्यात आलं नव्हतं. दशरथकाका रोज सकाळी लुंगीवर खाली येऊन परसात कमरेवर हात ठेवून उभे राहू लागले.

"आमच्या वाट्याक ऊन कमी येता," ते म्हणत.

कमलकाकूंनी राणीच्या हिश्श्यावर दोरी बांधली आणि कपडे वाळत घातले. "आमची जागा आहे. रीतसर वाटणी झालीय. नारळ फुटलाय."

"कासवाची आहे जागा!" आई म्हणाली.

"कासव कुणाचं?"

जास्वंदीचं मूळ ढब्बूकडे आणि फांदी राणीकडे होती. मूळ ज्याचं फूल त्याचं, असं बाबा म्हणाले. पडेल त्याचं, असं दशरथकाका म्हणाले. व्याही ही हाक बंद झाली होती. आता "अहो नेरुरकर" आणि "ऐका परुळेकर" होतं. बाबा रविवारी पेपर न वाचता टेप घेऊन बसू लागले. फळी मधोमध नसून त्यांच्या बाजूला दोन इंच आत आहे, असं त्यांचं म्हणणं. दशरथकाकांचं म्हणणं अगदी तेच, पण उलट. दोघं फळीच्या दोन बाजूंना उकिडवे बसून एकमेकांच्या तोंडावर बोट नाचवत, आणि फळीच्या दोन बाजूंना दोन कासवं पाय पसरून ऊन खात पडलेली असत.

"मूर्ख आहेत रे सगळे," मृणाल ढब्बूला म्हणाली. "दोन इंचांसाठी! लाज नाही वाटत." ढब्बूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

शनिवारची दुपार होती, शाळा अर्धाच दिवस होती. बाबा ऑफिसला गेले होते, आई झोपली होती, बिल्डिंग चिडीचूप होती. मृणाल फळीकडे बघत बसली. मग उगाचच तिनं वितीनं मोजून पाहिलं. ढब्बूकडे अकरा विती. राणीकडे अकरा विती आणि वर चार बोटं. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं.

हा म्हणजे सरळसरळ अन्याय होता. ढब्बू इथे पाच वर्षं राहत होता. राणी काल आला होता, टब घेऊन.

तिनं वर पाहिलं. नेरुरकरांच्या गॅलरीत कुणी नव्हतं. तिनं विटेला पायानं हलकेच ढकललं, तशी फळी दोन बोटं पलीकडे सरकली. तिनं जरा मागे होऊन, एक डोळा मिटून अंदाज घेतला. मग पुढे झाली आणि आणखी दोन बोटं सरकवली.